शब्द तेच, तबकडी दुसरी

ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यवहारात ‘अल्बम’ म्हणजे एका कलावंताच्या अथवा एका विषयाच्या रचनांचा, विशिष्ट क्रमाने मांडून एकत्र प्रकाशित केलेला संच. तो तबकडीवर असो, कॅसेटवर असो वा मोबाइलवर ऐकला जावो, त्यातील रचनांची निवड, त्यांचा क्रम आणि एकूण लांबी कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेली असते, आणि त्यामुळेच तो सुट्या गाण्यांच्या संग्रहाहून वेगळा ठरतो. कलावंताच्या पहिल्या अल्बमची चर्चा अधिक होते हे स्वाभाविक असले, तरी त्याच्या कामाची पद्धत समजून घेण्यासाठी दुसरा अल्बम अधिक उपयोगी पडतो. पहिल्याच्या मागे वर्षानुवर्षांची शिदोरी असते, कारण मैफलींत घोटलेल्या आणि श्रोत्यांनी पसंतीची पावती दिलेल्या रचनाच त्यात येतात. दुसऱ्याच्या वेळी ही शिदोरी बरीचशी संपलेली असते, हाताशी वेळ थोडा असतो आणि श्रोत्यांच्या मनात तुलनेसाठी एक माप तयार झालेले असते.

या फरकाचे जगभर ठाऊक असलेले उदाहरण इंग्लंडमधील बीटल्स या गायक-वादक चमूचे आहे. त्यांचा पहिला अल्बम २२ मार्च १९६३ रोजी प्रकाशित झाला आणि त्यातील चौदापैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी या एकाच दिवशी मुद्रित झाली होती; रोजच्या कार्यक्रमांत ती इतकी रुळलेली होती की स्टुडिओत त्यांवर फारसे नवे काम करावे लागले नाही. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला आलेल्या दुसऱ्या अल्बमसाठी मात्र जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दौऱ्यांतून सवड काढून पुन्हा पुन्हा स्टुडिओत जावे लागले. पहिल्या वेळी स्टुडिओने तयार गाणी टिपून घेतली, तर दुसऱ्या वेळी स्टुडिओ हीच गाणी घडवण्याची जागा होऊ लागली.

मराठी भक्तिसंगीतात हा प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. तेथे दुसऱ्या अल्बमसाठी नवे शब्द लिहिले जात नाहीत. ते सातशे वर्षांपूर्वीचे किंवा चारशे वर्षांपूर्वीचे असतात, श्रोत्यांना ते पाठ असतात आणि त्यांच्या पारंपरिक चालीही लोकांच्या कानात बसलेल्या असतात. मग दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ‘दुसरे’ असे काय असते, हा या प्रकरणाचा विषय आहे आणि त्याचा शोध हिंगोली जिल्ह्यातून घेणे सयुक्तिक आहे.

नरसीचा ठेवा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके आहेत. हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीच्या काठचे नरसी हे गाव परंपरेनुसार संत नामदेवांचे (१२७० ते १३५०) जन्मगाव मानले जाते, तर औंढा नागनाथ हे त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथेशी जोडलेले क्षेत्र आहे. नामदेवांच्या नावाने आज उपलब्ध असलेल्या गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने पाहिले तर कितीही अल्बम काढले तरी न संपणारा असा हा शब्दांचा साठा आहे.

परंतु विपुलतेमुळे निवड सोपी होत नाही. ‘नामा म्हणे’ किंवा तत्सम नाममुद्रा, म्हणजे शेवटच्या चरणात येणारी कवीची खूण, असलेला प्रत्येक अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांचाच असतो असे नाही. ‘विष्णुदास नामा’ हा नंतरच्या काळातील वेगळा कवी होता आणि त्याच्या रचना संत नामदेवांच्या नावावर घातल्या गेल्याची उदाहरणे अभ्यासकांनी दाखवून दिली आहेत. पहिल्या अल्बममध्ये सर्वांना ठाऊक असलेले आठ-दहा अभंग घेतले की हा प्रश्न फारसा पुढे येत नाही; दुसऱ्यासाठी गाथेत खोलवर उतरावे लागते आणि तेव्हा गायकाला वा संगीतकाराला पाठभेदांची, म्हणजे एकाच अभंगाच्या वेगवेगळ्या पोथ्यांतील शब्दफरकांची, दखल घ्यावीच लागते. या टप्प्यावर गाथेचा जाणकार संपादक हा वादकाइतकाच अल्बमचा सहकारी ठरतो.

अभंगाचे माप आणि तबकडीचे माप

अभंग हा अक्षरसंख्येवर उभा असलेला छंद आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात, पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात साधारणतः आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. एका कडव्याचे माप असे नेमके असले, तरी संपूर्ण अभंगाची आणि त्याच्या गायनाची लांबी मात्र मोकळी असते. वारकरी भजनात ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, टाळकरी उचलतात, पखवाजी लय हळूहळू चढवतो, आणि एकच अभंग जमलेल्या मंडळींच्या रंगानुसार पाच मिनिटांत संपतो किंवा अर्धा तास चालतो.

ध्वनिमुद्रणाने या मोकळेपणाला प्रथमच काठ घातले. भारतात १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात कोलकात्याला फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले तेव्हापासून पुढे सुमारे अर्धे शतक तबकडीच्या एका बाजूवर तीन ते चार मिनिटेच मावत असत. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी लाखेपासून बनवलेली असे आणि ती लाख मोठ्या प्रमाणात भारतातूनच जगभर जात असे. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक फेरे घेणारी लाँग प्ले, म्हणजेच एलपी, तबकडी आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांची जागा मिळाली. भारतात ती रुळल्यानंतरच एका संताच्या अभंगांचा सलग, एकसंध अल्बम ही कल्पना खऱ्या अर्थाने शक्य झाली.

एलपीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय गाण्यांचा क्रम लावता येत नसे. तबकडीच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर वेगाने सरकते, तर मध्याजवळ तोच वेग वीस-एकवीस सेंटिमीटरांपर्यंत उतरतो, कारण फेऱ्यांची गती तीच राहिली तरी वर्तुळ लहान होत जाते. वेग कमी झाला की टाळांचा किणकिणाट आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या अक्षरांतील बारीक ध्वनी नीट टिपले जात नाहीत. साहजिकच भरघोस वाद्यमेळाच्या रचना बाजूच्या आरंभी आणि संथ, हळुवार रचना शेवटी ठेवणे सोयीचे ठरत असे. योगायोगाने भजनाचाही स्वतःचा एक क्रम आहे: नामघोषाने आरंभ, मग विठ्ठलाच्या रूपवर्णनाचे अभंग, पुढे उपदेश, गौळण वगैरे आणि अखेरीस भैरवी. चांगल्या अभंगसंग्रहाच्या मांडणीत हे दोन्ही क्रम एकमेकांशी जुळवून घेतलेले असतात.

एका संगीतकाराची दोन कामे

संगीतकार श्रीनिवास खळे (१९२६ ते २०११) यांच्या अभंगसंगीतात हा प्रश्न जवळून पाहता येतो. त्यांचा ‘अभंग तुकयाचे’ हा लता मंगेशकर यांच्या आवाजातील अल्बम १९६८ साली एचएमव्हीने प्रकाशित केला. त्यानंतर अभंगांच्या क्षेत्रातील त्यांचे दुसरे मोठे काम पंडित भीमसेन जोशी यांच्यासाठी होते आणि ‘राजस सुकुमार’, ‘सावळे सुंदर’ या त्यातील रचना आजही घरोघरी ऐकल्या जातात. दोन्ही ठिकाणी शब्द तुकारामांचे आणि चाली खळ्यांच्याच असूनही ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या प्रदेशांत गेल्याचा अनुभव येतो.

या वेगळेपणाचे मूळ आवाजात आहे. लता मंगेशकरांसाठी खळ्यांनी चालीतील प्रत्येक वळण, प्रत्येक श्वासाची जागा आणि दोन कडव्यांमधील वाद्यांचा प्रत्येक तुकडा निश्चित केला. तेथे चाल हीच पूर्ण घडवलेली वस्तू आहे आणि गायिकेचे कौशल्य ती वस्तू तिळमात्रही न हलवता जिवंत करण्यात दिसते. भीमसेनांसाठी त्याच संगीतकाराने वेगळी वाट धरली. रागाचा पाया अधिक ठळक ठेवला, ओळीच्या अखेरीस आलापासाठी अवकाश राखला आणि लयीला ख्यालगायकाच्या तानेला पुरेल अशी रुंदी दिली. तबकडीवर काही मिनिटांत संपणारे हे अभंग पुढे ‘अभंगवाणी’ आणि ‘संतवाणी’ या नावांनी झालेल्या जाहीर कार्यक्रमांत कितीतरी अधिक वेळ रंगत, कारण त्यांच्या रचनेतच तशी सोय होती. पहिल्या कामाचे यश पुन्हा मिळवायचे म्हणून पहिल्याच साच्याची दुसरी प्रत काढण्याचा मोह खळ्यांनी टाळला. गाणारा बदलल्यावर चालीचे तत्त्वच बदलावे लागते, ही त्यांची जाण या दोन कामांतील अंतरावरून स्पष्ट होते.

नामदेवांच्या बाबतीत असाच विचार संगीतकार राम फाटक यांच्या कामात दिसतो. ‘तीर्थ विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग त्यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील ‘स्वरचित्र’ या कार्यक्रमासाठी स्वरबद्ध केला आणि भीमसेन जोशी यांच्याकडून गाऊन घेतला. या अभंगाची अडचण त्याच्या साधेपणात आहे. त्यात विठ्ठल हे एकच नाव जवळजवळ प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर येते. कथा नाही, वर्णन नाही, युक्तिवादही नाही. तीन अक्षरे इतक्या वेळा आली की सामान्य चाल कंटाळवाणी होण्याचा धोका असतो. अहीर भैरवाच्या अंगाने बांधलेल्या या चालीत ते नाव दर वेळी नव्या स्वरावर टेकते, कधी खालच्या स्वरांत स्थिरावते, कधी वर झेपावते, आणि त्यामुळे पुनरुक्ती हेच अभंगाचे बळ ठरते. कयाधूकाठच्या परंपरेतील नामस्मरणाचा विचार स्वरांत कसा उतरवता येतो, याचा याहून नेमका नमुना दाखवणे कठीण आहे.

स्टुडिओतील कसोटी

भजनी मंडळाचा आवाज ध्वनिमुद्रित करणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम आहे. टाळांचा आवाज टोकदार आणि दूरवर पोहोचणारा असल्याने तो गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये असा उतरला की नंतर त्यांचे प्रमाण वेगवेगळे कमीजास्त करता येत नाही. म्हणून टाळकऱ्यांना दूर किंवा वेगळ्या खोलीत बसवतात, अथवा टाळ नंतर स्वतंत्रपणे मुद्रित करतात. पखवाजाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते, तर डाव्या तोंडावर वादनापूर्वी भिजवलेली कणीक लावतात आणि तिच्या वजनामुळे खर्जातील घुमारा मिळतो. वातानुकूलित खोलीत ही कणीक लवकर सुकू लागते, घुमाऱ्याचा पोत पालटतो आणि सकाळी मुद्रित केलेला अभंग व दुपारचा अभंग एकाच पखवाजाचे वाटेनासे होतात. जाणता पखवाजी म्हणूनच दर थोड्या वेळाने कणीक ओली करून किंवा बदलून आवाज पुन्हा जमवून घेतो आणि जाणता ध्वनिमुद्रक त्याला तेवढी उसंत देतो.

जुन्या पद्धतीत गायक आणि सर्व वादक एकत्र बसून पूर्ण रचना एका दमात मुद्रित करत, आणि कोणाचीही चूक झाली की सर्वांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. बहुपदरी मुद्रण, म्हणजे प्रत्येक वाद्य व आवाज वेगळ्या पदरावर साठवून नंतर एकत्र करण्याची रीत, रूढ झाल्यावर ही सक्ती संपली. मुद्रणानंतरच्या पहिल्या टप्प्याला मिक्सिंग म्हणतात आणि त्यात या पदरांचे परस्पर प्रमाण ठरते. दुसऱ्या टप्प्याला मास्टरिंग म्हणतात आणि त्यात सर्व रचनांची आवाजपातळी व एकंदर पोत जुळवून अल्बमला अखेरचे रूप दिले जाते. परंतु बहुपदरी मुद्रणासोबत कानात ठोके देणारी ‘क्लिक’ही आली. तिच्यामुळे लय शेवटपर्यंत एकसारखी राहते, तर भजनाची लय चढत जाणे हा त्याचा प्राण आहे. या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत: ठोक्यांचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे, किंवा निदान गायक, पखवाज आणि टाळ यांना एकत्र बसवून क्लिकविना गाऊ-वाजवू देणे. पहिल्या अल्बमच्या वेळी स्टुडिओची शिस्त पाळतानाच कलावंताची दमछाक होते. त्या शिस्तीत काय गमावले, हे पहिले मुद्रण शांतपणे ऐकल्यावर कळते आणि ते परत मिळवण्याची संधी दुसऱ्या अल्बममध्ये असते.

प्रकाशन: कागदावरचे आणि बाजारातले

अल्बम तयार झाला की तो प्रकाशित करण्यापूर्वी हक्कांचा हिशेब मांडावा लागतो आणि संतवाणीच्या बाबतीत त्याविषयी गैरसमज फार आहेत. नामदेव, जनाबाई वा तुकाराम यांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत आणि पारंपरिक चालीही सर्वांच्या आहेत. मात्र ज्ञात संगीतकाराने बांधलेली चाल ही त्याची निर्मिती असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. या हिशेबाने १९६८ साली प्रकाशित मुद्रणावरील हक्क २०२८ च्या अखेरीस संपतो, परंतु खळ्यांच्या चालींवरील हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत राहतो. त्यांची चाल आपल्या अल्बममध्ये घेणाऱ्या गायकाला, शब्द तुकारामांचे असले तरी, रीतसर परवानगी घ्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा मानधनातील वाटा अधिक सुरक्षित केला आहे, त्यामुळे नवी चाल बांधणाऱ्याने करार वाचल्याशिवाय सही करू नये.

वितरणाची साधने दर पिढीत बदलत गेली. एलपी घेणे ही मोजक्या घरांची चैन होती आणि मराठवाड्यातील खेड्यांत अभंग पोहोचले ते प्रामुख्याने आकाशवाणीवरून. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने हे चित्र पालटले. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर अर्धा तास मावत असे, ती कमी भांडवलात काढता येत असे, आणि पंढरीच्या वाटेवर, जत्रांत व बसस्थानकांजवळच्या दुकानांत भक्तिगीतांच्या कॅसेटी मांडल्या जाऊ लागल्या. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा खणखणीत आवाज याच वाटेने गावोगाव गेला. आज गायक वितरक संस्थेमार्फत आपला अल्बम सर्व प्रमुख श्रवणसेवांवर ठेवू शकतो. त्यासाठी प्रत्येक मुद्रणाला एक आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक मिळतो आणि त्याच्या आधारे ते कोठे किती ऐकले गेले याची नोंद होते. हिंगोली किंवा वसमतसारख्या गावातून अल्बम प्रसिद्ध करण्याचा खर्च यामुळे खूपच खाली आला आहे.

मात्र या सोयीबरोबर अल्बमच्या एकसंधपणावर ताण आला आहे. श्रोता एक अभंग ऐकतो आणि पुढचा अभंग यंत्र सुचवते. रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंतचा क्रम कोणी ऐकेलच याची खात्री उरलेली नाही. तरीही क्रमाचा विचार सोडून देणे योग्य नाही, कारण तो विचार करतानाच कलावंताला आपल्या निवडीतील पुनरुक्ती आणि उणिवा दिसतात. सोबतच्या टिपणात प्रत्येक अभंगाचा कवी, गाथेतील पाठ आणि संगीतकार यांची नोंद देणे ही आणखी एक जबाबदारी आहे. कॅसेटच्या काळात जागेअभावी ‘पारंपरिक’ एवढेच छापून अनेक चालींचे कर्ते कायमचे अनाम झाले. आज जागेची सबब उरलेली नाही.

नामदेवांचा दुसरा आवाज

नामदेवांच्या अभंगांचा एक अल्बम काढून झालेल्या कलावंतापुढे दुसऱ्यासाठी एक मोठी वाट अजून मोकळी आहे. १६०४ साली संपादित झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाच्या मूळ रूपात, नामदेवांची पदे रागांनुसार लावलेली आहेत आणि त्यांची भाषा मराठीहून वेगळी, उत्तरेकडच्या संतांच्या बोलीशी नाते सांगणारी आहे. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे दीर्घकाळ वास्तव्य झाल्याची परंपरा आहे. तेथेच २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. हिंगोलीपासून शेजारच्या नांदेडला शिखांचे हजूर साहिब आहे आणि तेथे ही पदे कीर्तनातून नित्य गायली जाणारी परंपरा जिवंत आहे. नरसीची भजनी चाल आणि नांदेडचे शबदगायन यांना एकाच अल्बममध्ये, एकमेकांची नक्कल न करता, शेजारी बसवणे हे मोठ्या तयारीचे पण या मातीतूनच उगवणारे काम आहे. त्यासाठी दोन्ही परंपरांतील जाणकारांकडे बसून शिकावे लागेल, उच्चार तपासून घ्यावे लागतील आणि मराठी ठेक्याची सवय काही काळ बाजूला ठेवावी लागेल.

खळे आणि फाटक यांच्या कामावरून दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचा जो निकष हाती येतो तो असा: शब्दांचा साठा तोच असू शकतो, संगीतकार तोच असू शकतो, पण प्रत्येक अभंग कोणाच्या गळ्यासाठी, किती अवकाशासाठी आणि कोणत्या अर्थावर भर देण्यासाठी बांधला, याचे उत्तर पहिल्या वेळेहून वेगळे असले पाहिजे. ज्या कलावंताला ते उत्तर सापडले आहे त्याने दुसरा अल्बम जरूर काढावा. ज्याला ते अजून सापडलेले नाही त्याने गाथा पुन्हा उघडावी, कारण सातशे वर्षे गायले गेलेले शब्द आणखी काही वर्षे थांबायला तयार असतात.